खोडदची दुर्बीण न थांबता कशी बदलली?

पुणे-नाशिक महामार्गावर नारायणगावहून पूर्वेला खोडदच्या रस्त्याला लागले, की उसाच्या आणि टोमॅटोच्या शेतांपलीकडे पोलादी तारांच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. जमिनीवर आडवी पसरली, तर एकच तबकडी सोळा गुंठ्यांच्या आसपास जागा व्यापेल. अशा 30 तबकड्या मिळून एक रेडिओ दुर्बीण होते. जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी, हे तिचे नाव. पुण्यातील राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्र ती चालवते. हे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे.

दर वर्षी 28 फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, येथे शाळकरी मुलांची आणि गावकऱ्यांची रीघ लागते. दुर्बिणीतून काय दिसते, किती दूरचे दिसते, हे प्रश्न हमखास विचारले जातात. पंचवीस किलोमीटरच्या टापूत, शेतांच्या बांधांवर उभ्या असलेल्या या तीस अवाढव्य यंत्रांवर लक्ष कोण ठेवते आणि कसे, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारते. वास्तविक दुर्बिणीचे निम्मे आयुष्य त्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. 1990 च्या दशकात बसविलेली ही देखरेखीची यंत्रणा पुढे जुनी झाली आणि ती बदलणे भाग पडले. मात्र बदल चालू असताना दुर्बीण बंद ठेवण्याची मुभा कोणालाही नव्हती.

मोठ्या कार्यालयांतील संगणकजाळ्यांवर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने कसे बदलावे, हा एरवी संगणक विभागातील मंडळींच्या चर्चेचा विषय. खोडदमध्ये तोच प्रश्न पोलादी सांगाड्यांच्या, वळवाच्या वाऱ्यांच्या आणि लाखो वर्षे प्रवास करून आलेल्या क्षीण संदेशांच्या संगतीत उभा राहिला. म्हणून तो समजून घेण्यासाठी ही जागा चांगली आहे.

तीस तबकड्या, 435 जोड्या

जीएमआरटीच्या 30 अँटेनांपैकी 14 खोडदजवळच्या सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती भागात आहेत. उरलेल्या 16 इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात, प्रत्येकी सुमारे 14 किलोमीटर लांबीच्या तीन भुजांवर विखुरल्या आहेत. एक भुजा दक्षिणेला आंबेगावच्या दिशेने जाते. दोन टोकांच्या अँटेनांमधले सर्वांत मोठे अंतर 25 किलोमीटरच्या घरात भरते.

रेडिओ दुर्बिणीत एकेका तबकडीने पकडलेल्या संदेशाला एकट्याने फारसा अर्थ नसतो. दोन-दोन अँटेनांचे संदेश एकमेकांशी ताडून पाहिले जातात आणि त्या तुलनेतून आकाशाचे चित्र तयार होते. तीस अँटेनांच्या अशा 435 जोड्या होतात. एक अँटेना बंद पडली, की 29 जोड्या एकदम कमी होतात. ती बंद न पडता चुकीच्या दिशेला पाहत राहिली आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही, तर प्रकार अधिक वाईट, कारण मग त्या 29 जोड्यांमधून बिघडलेली माहिती बाकीच्या चांगल्या माहितीत मिसळत राहते.

म्हणूनच प्रत्येक अँटेनाची नाडी सतत तपासावी लागते. तबकडी नेमकी कोणत्या दिशेला आणि किती अंशांवर वळली आहे, मोटारींना किती वीज लागते आहे, वारा किती आहे, तबकडीच्या नाभीशी असलेल्या फिरत्या चौकटीवरचा कोणता रिसीव्हर तबकडीकडे तोंड करून आहे, वर्धकांची मांडणी बरोबर आहे की नाही, ही सारी माहिती खोडदच्या नियंत्रण कक्षात पोहोचते. तेथे बसलेले चालक पाळ्यांमध्ये दिवसरात्र काम करतात. त्यांच्या पडद्यावर जे दिसते तीच त्यांच्यापुरती दुर्बीण. बारा-तेरा किलोमीटरवरच्या अँटेनाची मोटार अडखळते आहे, हे त्यांना डोळ्यांनी कधीच दिसणार नसते.

हा भाग बिबट्यांचाही आहे. जुन्नर तालुक्यातील माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र आहे आणि उसाच्या शेतात त्यांचा वावर नवा नाही. मध्यरात्री एखाद्या टोकाच्या अँटेनापर्यंत जीप घेऊन जाणे हे काम सहज हाती घेण्यासारखे नाही. बिघाड कशाचा आहे, हे कक्षात बसूनच कळले, तर तंत्रज्ञ योग्य सुटा भाग घेऊन सकाळी निघू शकतो.

वाऱ्याचा मुद्दा आणखी गंभीर. प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या तबकड्या भरीव पत्र्याच्या न करता बारीक पोलादी तारांच्या जाळीच्या केल्या. त्यामुळे वारा आरपार जातो आणि सांगाडा हलका, स्वस्त राहतो. तरीही वाऱ्याने ठरावीक मर्यादा ओलांडली, की निरीक्षण थांबवून तबकडीचे तोंड सरळ आकाशाकडे करून ती जागच्या जागी अडकवून ठेवावी लागते. एप्रिल-मेमध्ये जुन्नर-आंबेगावात वळीव येतो तो बहुधा दुपारनंतर आणि झपाट्याने. अशा वेळी देखरेखीची यंत्रणा दोन मिनिटे गप्प बसणे परवडत नाही.

जुने का टिकले नाही

जीएमआरटीची पहिली नियंत्रण यंत्रणा 1990 च्या दशकात बहुतांशी येथेच घडविली गेली. प्रत्येक अँटेनाच्या तळाशी एक छोटा संगणक होता. त्याच्या हाताखाली साध्या, आठ बिटी सूक्ष्मनियंत्रकांची कार्डे होती. एकेक कार्ड एकेका उपकरणाची विचारपूस करी आणि उत्तरे प्रकाशतंतूंच्या वाटेने मध्यवर्ती कक्षाकडे पाठविली जात. त्या काळातील साधने आणि तुटपुंजी आयात लक्षात घेतली, तर ही कामगिरी थक्क करणारी होती. 4 ऑक्टोबर 2001 रोजी रतन टाटा यांच्या हस्ते दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली आणि 2002 पासून जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी ती खुली झाली. त्या सर्व वर्षांत हीच कार्डे राबत होती.

पण इलेक्ट्रॉनिक भागांचे आयुष्य पोलादाइतके नसते. भाग जळाला तर बदलता येतो. तो बनविणाऱ्या कंपनीनेच उत्पादन बंद केले, तर काय करायचे? शिवाय संदेशवहनाची गती आजच्या मानाने फारच कमी होती. अधिक माहिती, अधिक वेळा मागवायची सोय तिच्यात नव्हती. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दुर्बीणच बदलत होती. पूर्वी ती काही मोजक्या कंप्रतांभोवती, एका वेळी जेमतेम 32 मेगाहर्ट्झ रुंदीची पट्टी पाहू शके. नव्या आराखड्यात 120 ते 1450 मेगाहर्ट्झ हा पल्ला, मधल्या काही फटी वगळता, चार रुंद पट्ट्यांत पाहायचा आणि एका वेळी 400 मेगाहर्ट्झपर्यंत रुंदी हाताळायची, असे ठरले. रिसीव्हर नवे, मोटारी नव्या, प्रकाशतंतूंवरची उपकरणे नवी, संदेशांची गणिते करणारे संगणक नवे. या साऱ्यांची खबर ठेवणारा जुनाच राहून चालणार नव्हते.

एखाद्या बँकेला आपले सर्व्हर बदलायचे असतील, तर ती रविवारची मध्यरात्र निवडते आणि ग्राहकांना चार तासांची सूचना देते. रेडिओ दुर्बिणीला अशी रात्र नसते. तिला ढगांचा अडथळा नाही, दिवसाउजेडाचा नाही. तिचे वेळापत्रक एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा दोन सत्रांत आखले जाते आणि वेळेसाठी देशोदेशींचे शास्त्रज्ञ अर्ज करतात. ज्यांना वेळ मिळतो त्यांतील काहींची वर्षभराची, काहींची पीएचडीची गणिते त्या चार-दोन रात्रींवर अवलंबून असतात. त्यामुळे पहिल्यापासूनच धोरण असे राहिले, की नवी यंत्रणा जुनीच्या शेजारी उभी करायची आणि जुनी चालू ठेवायची.

एकाच वाटेवरून दोन गाड्या

शेजारी उभी करायची म्हणजे नेमके काय, हे प्रकाशतंतूंच्या उदाहरणावरून कळते. प्रत्येक अँटेनापासून खोडदपर्यंत जमिनीखालून तंतू आलेले आहेत. नव्या रुंद पट्टीचे संदेश आणण्यासाठी वेगळ्या तरंगलांबीचा, म्हणजे वेगळ्या ‘रंगाचा’ प्रकाश वापरण्यात आला. एकाच काचेच्या तंतूतून निरनिराळ्या रंगांचे प्रकाश परस्परांत न मिसळता जाऊ शकतात. जुना संदेश आपल्या रंगाने येत राहिला आणि नवा आपल्या. त्यामुळे जुने आणि नवे यांची तुलना एकाच वेळी, आकाशातील एकाच ताऱ्यावर करता आली. नव्या रिसीव्हरमध्ये काही वावगे आढळले, तर निरीक्षक जुन्या मार्गावर परतू शके.

नवी दुर्बीण शास्त्रज्ञांच्या हाती देतानाही हेच तत्त्व होते. आधी मोजक्या अँटेना नव्या रूपात सज्ज झाल्या, मग संख्या वाढत गेली आणि शेवटी सर्व तीस. सुरुवातीच्या काळात ती वापरणाऱ्यांना स्पष्ट सांगितले जाई, की ही सोय जोखीम वाटून घेण्याच्या बोलीवर आहे. काही बिघडले तर वेळ वाया जाऊ शकतो. ज्यांना खात्रीचे काम हवे त्यांच्यासाठी जुनी यंत्रणा होतीच. ज्यांना नव्याची उत्सुकता होती त्यांनी दोष शोधून दिले. सरकारी कामात असा प्रांजळपणा विरळाच दिसतो.

नियंत्रणाच्या बाजूला अँटेनाच्या तळाशी इथरनेटला थेट जोडता येणारी नवी कार्डे आली. घराघरांतील इंटरनेटच्या डब्यांत जी भाषा चालते तीच आता अँटेनांशी बोलण्यासाठी वापरता येऊ लागली. मोटारींच्या जागी नव्या, ब्रश नसलेल्या मोटारी आणि त्यांच्या सर्व्हो यंत्रणेसाठी नवे संगणक बसले.

राखणदाराचाच गोंगाट

येथे एक अडचण अशी आहे, की ती कोणत्याही बँकेच्या किंवा कारखान्याच्या संगणक विभागाला येत नाही. प्रत्येक डिजिटल उपकरण रेडिओलहरी सोडते. घरातील रेडिओजवळ मोबाइलचा चार्जर नेला तर खरखर ऐकू येते, ती याचीच. जीएमआरटी ज्या संदेशांच्या शोधात असते ते इतके क्षीण असतात, की तबकडीखालच्या खोलीतील एखादे साधे कार्डही त्यांना सहज बुडवून टाकेल. त्यात इथरनेटची नवी, वेगवान कार्डे जुन्या मंद कार्डांपेक्षा जास्त गोंगाट करणारी. दुर्बिणीच्या प्रकृतीची काळजी घ्यायला आणलेली यंत्रणाच तिचे कान बधिर करण्याची ही शक्यता होती.

उपाय दिसायला साधा, करायला किचकट. कार्डे धातूच्या बंदिस्त पेट्यांत ठेवायची, पेटीच्या दारांच्या फटीसुद्धा लहरी बाहेर सुटणार नाहीत अशा बुजवायच्या, आतबाहेर जाणाऱ्या प्रत्येक विजेच्या तारेवर गाळणी बसवायची आणि शक्य तेथे तांब्याच्या तारेऐवजी प्रकाशतंतू वापरायचा. बिनतारी वाय-फायचा तर प्रश्नच नाही. प्रत्येक नवे उपकरण आधी प्रयोगशाळेत तपासायचे, त्याचा गोंगाट मोजायचा आणि तो मर्यादेत असेल तरच अँटेनापाशी न्यायचे. उपकरणाने आपले काम चोख केले एवढ्यावर येथे ते उत्तीर्ण होत नाही.

ही शांतता जपण्याची किंमत परिसरालाही मोजावी लागते. खोडदची निवड झाली तीच मुळी येथील रेडिओ-शांततेमुळे. जवळच आर्वी येथे 1971 मध्ये उपग्रह संदेशवहनाचे विक्रम भूकेंद्र सुरू झाले होते, तेव्हा आकाशाकडे तोंड करून बसलेल्या तबकडीचे या भागाला अगदीच नवल नव्हते. पण पुढे मोबाइलचे मनोरे, विजेच्या वाहिन्या, कारखाने यांच्यावर मर्यादा आल्या. पुणे-नाशिक अतिजलद रेल्वेमार्ग नारायणगावजवळून गेल्यास दुर्बिणीला बाधा येईल, म्हणून त्याची आखणी बदलावी लागेल, असे रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी 2025 मध्ये सांगितले, आणि जुन्नर-आंबेगावात त्यावरून नाराजी उमटली. रेल्वे हवी असणाऱ्या शेतकऱ्याची मागणी गैर नाही. ज्या शांततेसाठी त्याला मुरड घालायला सांगितले जाते, ती दुर्बिणीच्या स्वतःच्या पेट्यांमधूनही पाळली जाते की नाही, हे विचारण्याचा त्याला पुरता अधिकार आहे.

आधी कोणती अँटेना?

तीस ठिकाणची यंत्रणा बदलायची, तर सुरुवात कोठून करायची? हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मध्यभागातील चौदा अँटेना एकमेकींजवळ आहेत. त्यांतील एक बाजूला काढली तर 29 जोड्या जातातच, पण तशाच अंतराच्या बऱ्याच जोड्या शिल्लक राहतात. भुजेच्या टोकाची अँटेना काढली तर सर्वांत लांब अंतराच्या, म्हणजे सर्वांत बारीक तपशील दाखविणाऱ्या जोड्या जातात आणि त्यांना पर्याय नसतो. शिवाय मध्यभागी काही अडले तर तंत्रज्ञ पाच मिनिटांत पोहोचतो. म्हणून पहिला प्रयोग मध्यातील एखाद्या अँटेनावर आणि टोकाच्या सर्वांत शेवटी, हा क्रम तर्काला धरून होतो.

दुसरा हिशेब थरांचा. मध्यवर्ती संगणकावरचे सॉफ्टवेअर आधी बदलायचे की अँटेनांवरची कार्डे? कार्डे आधी बदलली आणि ती नवीच भाषा बोलू लागली, तर जुना मध्यवर्ती संगणक बहिरा होतो. म्हणून मध्यवर्ती सॉफ्टवेअर असे हवे, की त्याला काही काळ दोन्ही भाषा कळाव्यात. असा दुभाषा लिहिण्यात वेळ जातो, आणि काम संपले की तो टाकूनच द्यायचा असतो. त्यामुळे अंदाजपत्रक मांडताना त्याला सर्वांत आधी कात्री लागते. अनेक कार्यालयांत टप्प्याटप्प्याची योजना कागदावर राहते आणि एका रात्रीत सारे बदलण्याची वेळ येते, त्याचे मूळ पुष्कळदा या कात्रीत असते.

तिसरी गोष्ट परतीच्या वाटेची. प्रत्येक टप्प्याआधी ठरलेले असावे लागते, की काय घडले तर माघार घ्यायची, किती वेळात घ्यायची आणि तो निर्णय कोणी द्यायचा. पहाटे तीन वाजता नव्या पडद्यावर तीसपैकी पाच अँटेना अचानक लाल झाल्या, तर पाळीवरच्या चालकाने प्रकल्पप्रमुखाला झोपेतून उठवावे, की सरळ जुन्या यंत्रणेवर जावे? हे कागदावर लिहिलेले नसेल, तर तो वाट पाहील आणि निरीक्षणाचे तास वाया जातील.

सुरक्षेची शेवटची साखळी मात्र या साऱ्यापासून अलग ठेवावी लागते. तबकडी आपल्या मर्यादेपलीकडे वळू लागली तर ती थांबविणारे स्विच आणि ब्रेक अँटेनापाशीच असतात. मध्यवर्ती सॉफ्टवेअर नवे असो, जुने असो वा बंद असो, त्यांनी आपले काम केलेच पाहिजे. ही अट पाळली, की बाकीच्या चुका महाग पडतात, पण सांगाडा मोडत नाही.

‘माहीत नाही’ हेही उत्तर

नव्या नियंत्रण सॉफ्टवेअरसाठी ‘टँगो’ हा पाया निवडला गेला आणि टीसीएसच्या सहकार्याने त्यावर काम झाले. टँगोचा जन्म फ्रान्समधील ग्रेनोबल येथील युरोपीय सिंक्रोट्रॉन संशोधन केंद्रात झाला. ते सर्वांना मोफत उपलब्ध आहे आणि जगातील अनेक संशोधन संस्था मिळून त्याची निगा राखतात. त्यातील कल्पना समजायला अवघड नाही. प्रत्येक उपकरणासाठी सॉफ्टवेअरमध्ये एक प्रतिनिधी असतो. उपकरण कोणत्या कंपनीचे, कोणत्या सालातले, याच्याशी वरच्या संगणकाला कर्तव्य नसते. तो प्रतिनिधीला विचारतो आणि प्रतिनिधी ठरलेल्या साच्यात उत्तर देतो. उद्या उपकरण बदलले तर प्रतिनिधी बदलायचा, बाकी इमारत तशीच राहते. टप्प्याटप्प्याने बदल करणाऱ्यांसाठी ही रचना फार सोयीची.

टँगोमध्ये उपकरणाच्या अवस्थांची चौदा ठरावीक नावे आहेत. चालू, बंद, हलत आहे, धोक्याची सूचना, बिघाड वगैरे. त्यातील एक अवस्था ‘अज्ञात’ अशी आहे. ती सर्वांत उपयोगाची म्हणावी लागेल. पुष्कळ देखरेख यंत्रणा उपकरणाकडून उत्तर आले नाही, तर शेवटचे माहीत असलेले उत्तरच पडद्यावर ठेवतात. हिरवा दिवा हिरवाच राहतो आणि प्रत्यक्षात तार तुटलेली असते. बदलाच्या काळात, अर्धी उपकरणे नव्या आणि अर्धी जुन्या बाजूला असताना, हा धोका दुणावतो. ‘मला ठाऊक नाही’ असे कबूल करणारा पडदा त्या काळात अधिक विश्वासाचा.

मंगळावरून आलेली हाक

हे सारे स्थित्यंतर चालू असतानाच कसोटीचा एक प्रसंग आला. 19 ऑक्टोबर 2016 रोजी युरोपीय अंतराळ संस्थेचे ‘शियापारेली’ यान मंगळाच्या वातावरणात शिरले. उतरताना ते 401 मेगाहर्ट्झच्या आसपास जो क्षीण संदेश पाठवीत होते तो पृथ्वीवर थेट ऐकण्याची जबाबदारी खोडदच्या दुर्बिणीने घेतली होती. नासाची जेट प्रोपल्शन प्रयोगशाळाही या कामात सहभागी होती. ही कंप्रता 250 ते 500 मेगाहर्ट्झच्या नव्या पट्टीत येते. जुन्या रिसीव्हरांच्या मोजक्या पट्ट्यांत ती बसत नव्हती.

असा प्रसंग पुन्हा घेता येत नाही. यान सहा मिनिटांत उतरणार, त्याच वेळी तबकड्या मंगळावर रोखलेल्या हव्यात, योग्य रिसीव्हर नाभीशी हवा आणि प्रत्येक अँटेनाची स्थिती पडद्यावर खरी दिसायला हवी. खोडदला यानाचा संदेश मिळाला. पृष्ठभागावर उतरण्याच्या काही क्षण आधी तो थांबला. यान मंगळावर आदळले होते, हे पुढे निष्पन्न झाले. संदेश नेमका कधी थांबला, ही पहिली ठोस माहिती खोडदहून मिळाली. तो थांबल्यावर दोष यानाचा की दुर्बिणीचा, हा संशय कोणाच्याही मनात येऊ शकला असता. आपली यंत्रणा त्या क्षणी धड होती, हे सांगता येणे हीच देखरेखीच्या नोंदींची किंमत.

नोंदींचे मोल आणखी एका संशोधनात दिसले. जून 2023 मध्ये युरोपीय आणि भारतीय गटांनी मिळून अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींच्या खुणा जाहीर केल्या. त्यासाठी स्पंदक ताऱ्यांचे ठोके वर्षानुवर्षे मोजण्यात आले आणि त्यात जीएमआरटीचा सहभाग होता. अशा मोजणीत सेकंदाच्या दशलक्षांशाचाही हिशेब लागतो. उपकरण बदलले आणि त्यामुळे संदेशाला किंचित जास्त उशीर लागू लागला, तर ते ताऱ्यातच काही घडल्यासारखे वाटेल. म्हणून कोणता बदल कोणत्या तारखेला, कोणत्या वेळी झाला, याची चोख नोंद ठेवावी लागते. एरवी कंटाळवाणी वाटणारी ही वही विज्ञानाच्या निष्कर्षाचा भाग होते.

एकदम बदलणाऱ्यांची गोष्ट

टप्प्यांची ही सावधगिरी अवाजवी वाटत असेल, तर अलीकडची दोन उदाहरणे पाहावीत. 2020 मध्ये अमेरिकेतील सोलरविंड्स कंपनीच्या ‘ओरायन’ या जाळे-देखरेख सॉफ्टवेअरच्या अधिकृत सुधारणेतच हल्लेखोरांनी आपला कोड घुसडला. सुमारे 18 हजार ग्राहकांनी ती सुधारणा विश्वासाने घेतली. देखरेखीच्या सॉफ्टवेअरला जाळ्यातील प्रत्येक खोलीची किल्ली दिलेली असते. ती चोराच्या हाती गेली. ही बाब त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये उघडकीस आली. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीची एक सदोष सुधारणा जगभर एकाच वेळी पोहोचली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख संगणक ठप्प झाले. देशातील काही विमानतळांवर प्रवाशांना त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. तीच सुधारणा आधी मूठभर संगणकांवर देऊन तासभर थांबले असते, तर बाकीचे वाचले असते.

दुर्बिणीही यातून सुटलेल्या नाहीत. चिलीतील ‘अल्मा’ या 66 अँटेनांच्या वेधशाळेच्या संगणकांवर 29 ऑक्टोबर 2022 रोजी हल्ला झाला आणि निरीक्षणे पुन्हा सुरू व्हायला 48 दिवस लागले. जुन्या, फक्त आपल्यापुरती भाषा बोलणाऱ्या कार्डांना बाहेरचा हल्लेखोर सहसा समजून घेऊ शकत नसे. इथरनेट आणि प्रचलित सॉफ्टवेअर आले, की सोय येते तशी ही काळजीही येते. नियंत्रणाचे जाळे बाहेरच्या इंटरनेटपासून अलग ठेवणे, सुधारणा आधी चाचणीच्या संगणकावर आणि मग एका अँटेनावर लावणे, ही कामे त्यामुळे कायमची मागे लागतात.

खोडदच्या अनुभवाला पुढे मोठे अंगण मिळाले. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या ‘स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे’ या महादुर्बिणीच्या नियंत्रण प्रणालीचा आराखडा तयार करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे नेतृत्व पुण्याच्या केंद्राकडे होते. त्या प्रकल्पानेही 2015 मध्ये टँगोचीच निवड केली. प्रत्यक्ष बांधकाम डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाले आणि भारताने आपल्या सहभागासाठी 1,250 कोटी रुपये मंजूर केले. आफ्रिकेत 197 तबकड्या असतील. ऑस्ट्रेलियात झाडाच्या फांद्यांसारख्या दिसणाऱ्या 1,31,072 छोट्या अँटेना उभ्या राहायच्या आहेत आणि त्याही एकदम नव्हे, टप्प्याटप्प्याने, आधीच्या टप्प्यातील निरीक्षणे चालू ठेवून.